मोसंबीच्या अकरा फोडी

संडे स्कूलला आम्हाला एक बाई होत्या, त्यांनी एकदा वर्गात मोसंबी आणली होती. गलतीकरांस पत्र, अध्याय पाचवा, आत्म्याचं फळ. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन, मोजून नऊ, आणि बाईंचा मुद्दा असा की बघा पोरांनो, पौलाने इथं फळं म्हटलेलं नाही, फळ म्हटलंय, एकच, म्हणजे ही नऊ वेगळी फळं नाहीत तर एका फळाच्या नऊ फोडी, प्रीती तेवढी घेतली अन् सहनशीलता टोपलीतच ठेवली असं चालत नाही. मुद्दा भारीच होता. मग बाईंनी मोसंबी सोलली आणि फोडी निघाल्या अकरा. पुढच्या बाकावरच्या एकाने लगेच विचारलं, बाई, उरलेल्या दोन कशाच्या? बाईंनी क्षणभर हातातल्या फोडींकडे बघितलं अन् म्हणाल्या, एक तुझी, एक माझी, बस खाली.

आता चाळिशी उलटली तरी सोलताना माझ्याकडून फोडी मोजल्या जातात. बहुतेक दहा, कधी अकरा, नऊची अजून मिळायचीय.

हे सगळं परत आठवायला कारण झालं आमचा किराणावाला. भला माणूस आहे, दुकान त्याच्या आजोबांपासूनचं, उधारीची वहीसुद्धा बहुतेक तेव्हापासूनचीच असावी. एक दिवस गूळ बांधता बांधता सहज बोलून गेला, "तुमच्या चर्चची पंचवीस-तीस घरं माझ्याकडं येतात, पण खरे ख्रिश्चन म्हणाल तर दोनच." मी हसलो. दोन कोण ते विचारायची हिंमत झाली नाही, कारण त्या वहीत माझेही अकराशे रुपये होते, दिवाळीपासूनचे. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, आधी अकराशे देऊन या, मग धर्मावर बोला.

पण डोक्यातून ते जाईना. आमच्यात ओळखायच्या खुणा खूप आहेत, पांढरा शर्ट, बगलेत बायबल, भेटलं की सलाम, प्रार्थनेत गळा भरून येणं, दाराच्या चौकटीवर वचनाची पट्टी. किराणावाल्याला यातलं काही दिसत नाही. त्याला वही दिसते. दुधवाल्याला महिन्याची एक तारीख दिसते आणि धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशीला तर घरातलं सगळंच दिसतं, ती कुणाला सांगत नाही ही तिचीच सौम्यता.

माझी आजी चर्चला देऊळच म्हणायची, "देवळात चला" असं. तिच्या सासरची माणसं म्हणे बेथेलची. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेलं गाव ते. हे शेषाद्री जन्माने ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा केवढं रान पेटलं होतं, आणि पुढं निजामाच्या मुलखात येऊन मांग-महार वस्त्यांमधून आयुष्यभर काम केलं. आजी सांगायची, गावचे लोक आपल्याला बाटगे म्हणायचे, पोटासाठी गेले म्हणायचे, आणि खरंखोटं बघायला कुणी देवळात यायचं नाही, ते बघायचे संध्याकाळी. गडी दारूच्या गुत्त्यावर जातो का, बायकोला मारतो का, पोरीला शाळेत घालतो का. चार-पाच वर्षं बघितलं, मग बोलणं कमी झालं. अगदी बंद कधी झालं नाही, ती गोष्ट वेगळी.

चार-पाच वर्षं हा मोसंबीचा हिशोब आहे, कलम लावल्यापासून फळ दिसायला तेवढीच लागतात. मत्तयच्या सातव्या अध्यायात येशू म्हणतो, फळांवरून तुम्ही त्यांना ओळखाल, आणि उदाहरण देतो द्राक्षांचं अन् अंजिराचं, ते त्याच्या मुलखाला धरून बरोबरच. पण जालना जिल्ह्यात चर्च असून इतक्या वर्षांत एकाही पाळकसाहेबांनी ते मोसंबीवर आणलं नाही याचं मला नवल वाटतं, अर्धी मंडळी बागायतदारांच्या ओळखीपाळखीची असताना. मोसंबीचं कलम म्हणजे खाली खुंट रंगपूर लिंबाचा नाहीतर जंभेरीचा, आणि त्यावर मोसंबीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, भरलेला. नर्सरीतून रोप आणताना सगळी सारखी हिरवीगार, तिथं तुम्ही कितीही शहाणे असा, मालक सांगेल तेच खरं धरायचं.

आमच्या नानांनी (वडिलांचे चुलतभाऊ, एसटीत ड्रायव्हर होते, बदनापूरच्या बाजूला दोन एकर बाग) अशीच एका ठिकाणाहून पन्नास कलमं आणली होती. जीव लावला, आळी केली, ठिबक टाकलं, पाचव्या वर्षी फळं धरली तर त्यातली दहा-बारा झाडं निव्वळ आंबट, तोंडात धरवेना. डोळा कधीच मेला होता आणि खालच्या खुंटालाच फूट येऊन त्याचंच झाड झालं होतं. पाच वर्षं आम्ही मोसंबी समजून जंभेरीला पाणी पाजत होतो, आणि झाड दिसायला काय झोकात होतं! नाना नर्सरीवाल्याला जे बोलले ते मी इथं लिहू शकत नाही, रविवार होता.

आणि पाणसोट. ज्याची बाग नाही त्याला सांगतो, झाडाच्या मधूनच एकदम सरळसोट फांद्या निघतात, जाडजूड, मोठ्या पानांच्या, बाकी झाडापेक्षा हातभर उंच, नवख्याला वाटतं वा काय वाढ आहे. त्यांना फळ येत नाही, नुसतं अन्न खातात, म्हणून कापून टाकायच्या. हे वाचताना तुमच्या डोळ्यासमोर कुणीतरी आलं असेल. माझ्याही आलं. आमच्या मंडळीत एक भाऊ आहेत, प्रत्येक उपवास-प्रार्थनेला त्यांची साक्ष (देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं), माईक हातात आला की अर्धा तास कुठं गेला नाही, आणि हंगामाच्या सणाला देवळात जो लिलाव होतो, पहिल्या पिकाच्या वस्तूंचा, त्यात भोपळ्यावर हजाराची बोली लावून सगळ्यांकडून टाळ्या घेतलेल्या. खजिनदार अजून ते हजार मागू राहिले. मी भाऊंना मनातल्या मनात पाणसोटच म्हणायचो.

मग आईला रात्री अकराला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं, रक्त पाहिजे होतं, आणि मी ज्यांना ज्यांना फोन केला त्यातले निम्मे उचलेनात, निम्म्यांनी प्रार्थना करतो म्हणून सांगितलं. याकोबाने पत्रात लिहिलंय ना, उघड्या-उपाशी माणसाला 'सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा' म्हणून नुसतं वाटेला लावलं तर त्याचा काय उपयोग, तसंच काहीसं. तर पाऊण तासात कोण यावं? भाऊ. फोन मी त्यांना केलाच नव्हता, कुणाकडून तरी कळलं होतं. रक्त दिलं, तिथंच प्लास्टिकच्या खुर्चीवर सकाळपर्यंत बसले, एक शब्द बोलले नाहीत, अर्ध्या तासाच्या साक्षीवाला माणूस, एक शब्द नाही. सकाळी माझ्यासाठी चहा आणला आणि त्याचे पैसेसुद्धा स्वतः दिले, हे मी मुद्दाम बघितलं.

म्हणजे माझा सगळा हिशोबच बिघडला. मोसंबीला हिवाळा सरतानाचा आंबे बहार चुकला तर कधीकधी पावसाळ्याच्या तोंडचा मृग बहार धरतो, तेच झाड, तीच फांदी, मी बघायला गेलो तेव्हा फूल नव्हतं एवढंच. अन् गंमत बघा, फळांवरून ओळखाल हे ज्या अध्यायात आहे त्याच अध्यायाची सुरुवात दुसऱ्याचे दोष काढू नका इथून होते, भावाच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ, तेही तिथंच. एका पानावर दोन्ही. आधी मुसळ काढ, मग ओळखायला ये, असं असावं बहुतेक. माझं मुसळ तेव्हा किराणावाल्याच्या वहीत अकराशेचं होतं.

आता नानांचं सांगतो. नाना म्हणजे देवळात शेवटचा बाक, खिडकीशेजारी, उपदेश सुरू झाला की पाच मिनिटांत मान खाली. उपासना संगीतातली गाणी सगळी तोंडपाठ पण सूर एसटीच्या गिअरसारखा. साक्ष आयुष्यात दिली नाही. लहान पोरांवर ओरडणार, पाळकसाहेबांना लांबलात म्हणून तोंडावर सांगणार. मोसंबीवर कोळी पडला की साल खरबरीत होते, तांबूस-काळपट डाग पडतात, आमच्याकडं त्याला मंगू म्हणतात, व्यापारी अशी फळं बाजूला काढतो, भाव निम्मासुद्धा देत नाही. आत रस तोच असतो. नाना म्हणजे पक्की मंगूची मोसंबी.

२०१२ ला पाऊस गेला आणि २०१३ चा उन्हाळा जालना जिल्ह्याने कसा काढला ते इथल्या माणसाला सांगायला नको. बागा जागेवर वाळल्या, लोकांनी टँकरने पाणी विकत घेऊन झाडं जगवायचा प्रयत्न केला, अन् शेवटी कुऱ्हाड लावली. नानांच्या बोअरला पाणी होतं, फार नाही, लाईट यायची तेव्हा तासभर मोटर चालायची, मग गुळण्या टाकायची. तेवढ्यात बाग जगली असती, सगळी नाही तरी बरीचशी. शेत वस्तीला लागूनच, आणि वस्तीचा हातपंप मार्चमध्येच बंद पडलेला.

नानांनी पाईप बांधावर आणून ठेवला आणि एक वही केली. घरटी सहा हंडे, पाळीने. लाईट रात्री अडीचला आली तर अडीचला, बॅटरी घेऊन उभे, आणि तोंडाचा पट्टा चालू, "सांडू नका, तुमच्या बापाची विहीर नाही," "काहून सात हंडे आणले, मोजता येत नाही का?" पुढाऱ्याच्या घरची बाई पाळी सोडून पुढं घुसली तर तिला माघारी लावलं. मी चार दिवस तिथं राहिलो होतो, मला लाज वाटायची, म्हटलं पाणी देऊ राहिले ते द्या ना गोडीत, शिव्या कशाला. स्वतःचे हंडे शेवटी भरायचे, दोन दिवस तर भरलेच नाहीत, मोटारीने दम सोडला. काकू काय बोलल्या असतील ते तुम्हीच समजा.

आणि त्या वहीत एक नाव होतं ते वाचून मी उडालोच. शेजारच्या शेतवाल्याचं. बांधावरून त्याची अन् नानांची केस कोर्टात चालू, आठ-नऊ वर्षं झालेली, एकमेकांचं तोंड बघत नव्हते. त्याचा पोरगा हंडे घेऊन यायचा, बैलगाडीत एक टाकीही असायची, नाना त्याच्याकडं न बघता पाईप टाकीत सोडायचे, वहीत खूण करायचे. तारीख आली की दोघं एकाच एसटीने कोर्टात जायचे, एक पुढं बसून एक मागं. केस नानांनी काढून घेतली नाही. मी म्हटलं होतं, एवढं करता तर केसही मिटवून टाका, तर म्हणाले, "पाणी वेगळं, केस वेगळी. बांध माझा तीन फूट कोरलाय त्यानं."

मृग निघेपर्यंत नानांची शंभराच्या वर झाडं सरपणाला गेली होती. देवळात हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि कुणी सांगायला लागलं तर उठून बाहेर जायचे, तंबाखू खायला.

माझा एक मास्तर मित्र आहे पैठणचा, त्याला हे सांगितलं तर तो गहिवरून म्हणाला, अरे हे तर आमच्या नाथांचंच झालं, रामेश्वराला न्यायची कावड वाटेतच तहानलेल्या गाढवाला पाजली. मी ते नानांना कळवलं. नाना म्हणाले, "मी कुठला नाथ, माझी तारीख आहे सोमवारी."

मोसंबीला ताण द्यावा लागतो, बहार धरायचा तर महिना-दीड महिना पाणी तोडायचं, पानं पिवळी पडून गळायला लागली की मग खत देऊन पाणी सोडायचं, तेव्हा कुठं फुलं येतात. हे मी नानांच्याच शेतात शिकलो, त्यांना वाटतं मी बागेबद्दलच विचारत असतो.

किराणावाल्याचे अकराशे मी देऊन आलो. दोन घरं कुठली ते अजून विचारलेलं नाही. त्यात नाना नक्की नाहीत, ते वीस किलोमीटर लांब राहतात.

मागच्या महिन्यात गेलो होतो. नाना आता ऐंशीच्या पुढं आहेत, कानाला कमी येतं. पडवीत बसून मोसंबी सोलत होते, डाग पडलेलीच, चांगली व्यापाऱ्याला. मी जवळ जाऊन मोठ्याने विचारलं, नाना, एक सांगा, त्या उन्हाळ्यात केसवाल्याला पाणी काहून दिलं? त्यांना दोनदा विचारावं लागलं. मग माझ्याकडं असं बघितलं की मी एसटीत सुट्टे पैसे न देता चढलोय.

"त्याच्या दोन म्हशी होत्या," म्हणाले. "म्हशींवर केस नव्हती."

आणि अर्धी मोसंबी माझ्या हातात देऊन, "स्टार्टरचा फ्यूज आणायला सांगितला होता, आणला का?"

मी विसरलो होतो.