नोंदवहीत ‘वाळू’ लिहिलं होतं

इंदापूर तालुक्यातलं काळं रान, मे महिना. नांगरटीला दीड महिना झालेला, ढेकळं उन्हानं फुटून वरचा दोन बोटं थर रव्यासारखा मोकळा. वळवाआधी सुटणारा वारा पकडायचा म्हणून धूळसापळे सकाळीच उभे केले होते. एका खांबावर चार डबे, जमिनीपासून १०, २५, ५० आणि १०० सेंटिमीटरवर. प्रत्येकाचं तोंड २ सेंटिमीटर रुंद, ५ सेंटिमीटर उंच. मागच्या पत्र्यामुळे डबा वाऱ्याकडे तोंड करून राहतो, पण बेअरिंगमध्ये धूळ गेली की अडकतो आणि पकड कमी दिसते. दर तासाला हातानं फिरवून पाहावं लागतं. ग्रीस लावू नये, धूळ त्यालाच चिकटते.

चारच्या सुमाराला वारा आला, वीसेक मिनिटं टिकला. मग टपोरे थेंब पडले आणि रान एकदम गप्प झालं. थेंबांच्या मारानं माती खपली धरते, तिच्यावरून वारा घसरतो.

खालचा डबा जवळजवळ भरलेला, वरच्यात चिमूटभर. सोबतच्या मुलानं खालच्या डब्यातली कणी चोळून पाहिली, खरखरीत लागली, त्यानं नोंदवहीत ‘वाळू’ लिहिलं. मी त्यातली थोडी तळहातावर घेऊन पाण्याचा थेंब टाकला. कण विरघळले आणि बोटाला चिकण लागलं. वाळूचा कण असा विरघळत नाही. ती चिकणमातीच होती, सुकून कणी झालेली. अशी कणी वाळूपेक्षा हलकी असते, त्यामुळे आकारानं थोडी मोठी असली तरी उड्या मारत जाते.

आमच्यासाठी हा फरक मोठा होता, कारण मोजायचं होतं सिझियम-१३७, म्हणजे माती कुठून कुठे गेली ते सांगणारं किरणोत्सर्गी द्रव्य. विसाव्या शतकाच्या मध्याला खुल्या हवेत झालेल्या अणुचाचण्यांतून ते पावसाबरोबर जगभर पडलं. अर्धायुष्य सुमारे ३० वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मं उरतं. चिकणमातीच्या पापुद्र्यांत ते इतकं घट्ट बसतं की पाणी त्याला सहज सोडवत नाही. माती जाईल तिथे ते जातं. वाळूसर रानात खाली उड्या मारणारे कण जवळजवळ रिकामे असतात आणि सिझियम बारीक धुळीबरोबर उंच जातं. तोच हिशोब इथे लावला असता, तर खालचा डबा मोजायचाच राहिला असता.

हीच चूक प्रयोगशाळेतही होते. मातीचा पोत, म्हणजे वाळू, गाळ आणि चिकणमातीचं प्रमाण, काढायच्या नेहमीच्या चाचणीत सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट हे रसायन घालून माती सुट्या कणांत फोडतात. त्यात कणी नाहीशी होते आणि वाऱ्यानं कधी न पाहिलेली माती मोजली जाते. म्हणून नमुना कोरडाच चाळायचा, तोही हलक्या हातानं. ०.८४ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडेल तेवढं वाऱ्याच्या हाती लागणारं, असं धरतात.

मोजणी जर्मेनियम डिटेक्टरवर (गॅमा किरणांची ऊर्जा बारकाईनं वेगळी ओळखणारं यंत्र), ८०,००० सेकंद, म्हणजे बावीस तासांहून जास्त. ऊर्जेच्या मापात सिझियमची रेषा ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला येते आणि शेजारी ६६५ ला मातीत मुळातच असणाऱ्या बिस्मथ-२१४ ची. साध्या सोडियम आयोडाइड डिटेक्टरवर दोन्ही एकात मिसळतात आणि सिझियम फुगलेलं दिसतं. रानातली माती आणि डब्यातली धूळ एकाच बशीत, सारख्याच उंचीपर्यंत भरायची. नाहीतर तुलना व्यर्थ. वरच्या डब्यांत पुरेसं वजन भरत नाही, म्हणून तीन-चार वादळांची धूळ एकत्र करावी लागते.

खालच्या डब्यात किलोमागे सिझियम रानातल्या मातीइतकंच निघालं. वरच्यात जास्त. कणी एकमेकींवर आपटून बारीक भुगा सोडते, तो वर जातो आणि तालुक्याबाहेरही जातो. कणी मात्र बांधाला अडते.

रानमालकांना ‘किरणोत्सर्गी’ हा शब्द खटकला होता. “साहेब, मग हे रान पेरायचं का नाही?” “बिनधास्त पेरा मामा. हे इतकं थोडं आहे की आम्हाला मोजायला दिवस लागतो. माती कुठून कुठे गेली, एवढंच ते सांगतं.” वारा हेच काम दूषित मातीवर करतो तेव्हा गोष्ट वेगळी असते. १९६७ साली रशियातल्या उरलमधल्या, अणुकचरा सोडलेल्या कराचाय तळ्याचा काठ दुष्काळात उघडा पडला आणि तळातला किरणोत्सर्गी गाळ वाऱ्यानं गावांवर नेऊन टाकला.

नोंदवहीत आता एक रकाना वाढवलाय: पाण्याचा थेंब टाकून पाहिलं का.