पांढरं निशाण आणि पळालेला राजा

पोर्तुगालची राजधानी लिस्बनमध्ये ५ ऑक्टोबरला प्रजासत्ताक दिनाची सुट्टी असते. काटकसरीच्या नावाखाली सरकारने मध्यंतरी ती काही वर्षं बंद केली होती, २०१६ मध्ये परत दिली. महापालिकेवर झेंडा चढतो, पुढारी भाषणं करतात. २०१२ साली तर राष्ट्राध्यक्षांच्या हातून झेंडा चक्क उलटा चढला. त्यावर लोक अजून हसतात.

१९१० साली याच इमारतीच्या सज्जातून पोर्तुगालचं प्रजासत्ताक जाहीर झालं. राजेशाहीची पत आधीच गेली होती. १८९० मध्ये आफ्रिकेतल्या प्रदेशावरून इंग्रजांनी दम भरला आणि राजाने मुकाट माघार घेतली. १९०८ मध्ये राजा कार्लोस आणि युवराज यांना भर चौकात गोळ्या घातल्या. गादीवर आला धाकटा मुलगा मानुएल, वय अवघं अठरा.

१९१० च्या ऑक्टोबरात प्रजासत्ताकवाद्यांनी केलेला उठाव मात्र फसता फसता वाचला. सगळं संपलं असं समजून बंडाच्या नेत्यांपैकी अ‍ॅडमिरल रेइश यांनी स्वतःला गोळी घालून घेतली. लिस्बनच्या रोटुंडा चौकात बंडखोर नौदल अधिकारी मशादु सान्तुश मूठभर लोकांनिशी अडून बसला. युद्धनौकांनी राजवाड्यावर तोफा डागल्यावर मानुएल लिस्बनबाहेरच्या माफ्रा गावी निसटला. पाच तारखेच्या सकाळी जर्मन वकिलातीचा एक अधिकारी पांढरं निशाण घेऊन निघाला. परदेशी नागरिकांना बाहेर काढायला थोडी उसंत हवी, एवढंच त्याचं मागणं. लोकांना वाटलं, राजाचं सैन्य शरण आलं! गर्दी रस्त्यावर उसळली, सैनिक तिच्यात मिसळले, आणि खरोखरच सगळं संपलं. राजा एरिसेइराच्या किनाऱ्यावरून नावेत बसून गेला तो गेलाच. पुढे इंग्लंडमध्ये १९३२ साली वारला.

या गैरसमजाचा फायदा आपल्या गोव्यालाही झाला. राजेशाहीत कॅथलिक धर्म हाच राज्याचा धर्म होता. प्रजासत्ताकाने धर्म आणि राज्य वेगळं केलं, तसे गोव्यातल्या हिंदूंना समान हक्क मिळाले, सरकारी नोकऱ्यांची वाट मोकळी झाली. मराठी शाळा, वाचनालयं, नियतकालिकं यांनी त्याच काळात जोर धरला. वसाहत मात्र कुणी सोडली नाही, हेही खरं. लिस्बनच्या प्रजासत्ताकवाद्यांना ते सुचलंसुद्धा नाही. सोळा वर्षांत पंचेचाळीसच्या आसपास सरकारं पडली, १९२६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, मग हुकूमशहा सालाझार आला, आणि गोव्याला मिळालेलं बरंचसं १९३० च्या वसाहत कायद्याने पुन्हा हिरावलं गेलं.