तुम्ही विचारलंत म्हणून : आईस हॉकीत स्कोप आहे का?

सकाळी सात वाजता मुलं स्केट्स काढत बसलेली असतात आणि कठड्यापाशी थांबलेला एखादा पालक हळूच जवळ येतो. "मॅडम, हा आता आईस हॉकीच खेळायची म्हणतोय. त्यात पुढे स्कोप आहे का?" पुण्यात मुलांना चाकांवरची हॉकी शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की त्याचं उत्तर एकदा नीट लिहून काढावंसं वाटलं. स्कूटर सुरू असताना घाईघाईत देण्यासारखं ते नाही.

उत्तर अमेरिकेतली एनएचएल ही या खेळातली सगळ्यात मोठी लीग. तिथले 32 संघ दरवर्षी सात फेऱ्यांत 224 मुलं निवडतात (याला ड्राफ्ट म्हणतात), त्यातली बरीचशी जेमतेम 18 वर्षांची. पण निवड झाली म्हणजे नोकरी पक्की झाली असं नाही. अनेकांना आधी खालच्या लीगमध्ये, म्हणजे एएचएलमध्ये धाडतात आणि कित्येकांना वरचा एकही सामना मिळत नाही. काही करारच असे असतात की वर खेळलात तर एक पगार, खाली पाठवलं तर त्याच माणसाला त्याच्या कितीतरी कमी.

पालकांना मी मॅनी मल्होत्राबद्दल सांगते. वडील भारतीय, आई फ्रेंच-कॅनेडियन. 1998 साली न्यूयॉर्क रेंजर्सनं त्याला सातव्या क्रमांकावर निवडलं. एवढ्या वर निवडलेल्या मुलाकडून गोलांचा पाऊस अपेक्षित असतो. तसं झालं नाही. तो फेसऑफचा माणूस झाला. फेसऑफ म्हणजे दोन खेळाडू समोरासमोर वाकून उभे, मधे पंच पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरायची चपटी चकती, टाकतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ज्याची काठी पोचेल त्याचा पक. वर्षानुवर्षं हेच एक काम घासून घासून त्यानं इतकं पक्कं केलं की संघांना तो हवाच असायचा.

मार्च 2011 मध्ये व्हँकुव्हरकडून खेळताना पक त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. पक म्हणजे साधारण 170 ग्रॅमचं टणक रबर. उसळू नये म्हणून सामन्याआधी तो गोठवूनही ठेवतात. ज्याची सगळी मदार पडणारा पक टिपण्यावर, त्याचाच डोळा गेल्यात जमा झाला. तरी जूनमध्ये स्टॅनली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या करंडकाच्या, अंतिम फेरीत तो उतरला. दोन वर्षांनी संघानंच त्याचं खेळणं थांबवलं, असं खेळणं धोक्याचं आहे म्हणून. मग तो एएचएलमध्ये गेला, तिथून पुन्हा वर आला आणि थांबला तेव्हा एनएचएलचे 991 सामने झाले होते. गोल 116. पुढे प्रशिक्षक झाला आणि 2025 मध्ये त्याच्या ॲबट्सफर्ड संघानं एएचएलचा करंडक जिंकला. त्या संघात अर्शदीप बैन्स होता, ज्याला ड्राफ्टमध्ये कुणीही निवडलं नव्हतं. व्यावसायिक आईस हॉकीतलं करिअर मला विचाराल तर हे असं असतं. मला ते फार मोलाचं वाटतं, आणि ते सोपं आहे असं मी कुणालाही सांगणार नाही.

आता तुमच्या मुलाचं. कॅनडातली मुलं चौथ्या-पाचव्या वर्षी बर्फावर उभी राहतात. आपलं मूल दहाव्या वर्षी चाकांवर सुरुवात करतं. एनएचएलचं दार त्याच्यासाठी बंद आहे. हे ऐकून काही आईवडिलांचे चेहरे उतरतात आणि मलाही वाईट वाटतं, पण मुलाची सात-आठ वर्षं खोट्या आशेवर घालवायला मी तयार नाही.

भारतासाठी खेळणं मात्र वेगळी गोष्ट आहे. आपल्या मुलींनी 2025 मध्ये अमिरातीतल्या अल ऐनला आशिया कपचं कांस्य जिंकलं. त्या संघाचा कणा लडाख आणि हिमाचलच्या मुली, हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर शिकलेल्या. पगार देणारी लीग आपल्याकडे नाही. पोटापाण्याची सोय होते ती बहुधा आयटीबीपी किंवा लडाख स्काउट्ससारख्या दलांतून, त्यांचे संघ तगडे आहेत.

पुण्याची मुलं कुठे कमी पडतात ते मी देहरादूनला पाहिलं. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेली तिथली बर्फाची रिंक वर्षानुवर्षं बंद होती. ती पुन्हा सुरू झाल्यावर मी चार मुलांना घेऊन गेले. वेग होता, काठीवर हात बसलेला होता. थांबता येत नव्हतं. चाकांवर एक पाय मागे आडवा घासत थांबायची सवय. बर्फावरच्या पात्याला मधून खाच असते, म्हणून आत एक आणि बाहेर एक अशा दोन धारा. गुडघे वाकवून दोन्ही पाय एकदम आडवे फिरवायचे, धारेनं बर्फ तासला जातो आणि माणूस जागच्या जागी थांबतो. वजन चुकीच्या धारेवर गेलं की आडवे. आमची बारा वर्षांची मुलगी पहिल्या दिवशी नऊ वेळा रिंकभोवतीच्या फळीवर आदळली. मी मोजत होते, कारण दहाव्या वेळी तिला बाहेर काढायचं ठरवलं होतं. दहाव्या वेळी खर्रर्र आवाज झाला, पांढरा भुगा माझ्या जॅकेटवर उडाला आणि ती फळीपासून हातभर अलीकडे उभी होती. हसली नाही, काही नाही. लगेच वळून पलीकडच्या टोकाला गेली, पुन्हा करून बघायला.

तिची आई मला स्कोप विचारायची. तिलाही मी हेच सांगितलं होतं: शाळा सोडू नका, नोकरीची आशा ह्यावर ठेवू नका, आणि पाठवणार असाल तर वर्षातून निदान दोनदा बर्फावर पाठवा. पुढच्या खेपेला यायचं असेल तर प्रवासाचे दिवस सोडून चार दिवस हातात ठेवा. पहिले दोन थांबायला शिकण्यातच जातात.