रस चाळिसांचा, ताटं साठ

उन्हाळी शिबिरात पोहण्याच्या सरांकडे झुंबड असते, चित्रकलेच्या ताईंकडे प्रतीक्षायादी. वर्तमानपत्राच्या सरांकडे, म्हणजे माझ्याकडे, बहुतेक मुलं येतात ती दुसरीकडे जागा उरलेली नसते म्हणून. मला त्याचं काही वाटत नाही. नाइलाजाने आलेली पोरं बातमीदार म्हणून बरी निघतात. हौसेने आलेली निबंध लिहितात.

निबंध हा आमचा खरा शत्रू. दहा वर्षांच्या मुलाला बातमी लिहायला सांगा, पहिलं वाक्य ठरलेलं: ‘आमच्या शिबिरात खूप मज्जा येते.’ मी त्यावर काट मारतो आणि फळ्याकडे बोट दाखवतो. कोण, काय, कधी, कुठे, का, कसं. महत्त्वाचं आधी, बाकीचं उतरत्या क्रमाने. जागा कमी पडली की शेवटून कापायचं. ‘मग शेवटची ओळ लिहायचीच कशाला?’ असं एकीने विचारलं. वर्तमानपत्राच्या डेस्कवर बातम्या कापायला बसायचो तेव्हा हा प्रश्न मलाही पडायचा, पण विचारणार कुणाला?

थोडा इतिहासही सांगतो. बाळशास्त्री जांभेकरांचा ‘दर्पण’ मुंबईत ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला, तो आधी पाक्षिक होता, शेजारी शेजारी एक स्तंभ मराठी आणि एक इंग्रजी. तारखेचं मुलांना कौतुक नसतं. बाळशास्त्री तेव्हा विशीच्या आसपास होते म्हटल्यावर मात्र वर्ग जागा होतो. ‘म्हणजे दादाएवढे? त्यांचं शुद्धलेखन कोण तपासायचं?’

मग पान लावणं. ए-थ्री कागदाची घडी घातली की चार पानं होतात, पण उलगडल्यावर चार आणि एक शेजारी येतात, दोन आणि तीन मागे. हे डोक्यात बसेपर्यंत बऱ्याच कागदांचा चुराडा होतो. मथळे हातानेच काढायचे. दोन ओळींचा मथळा असला की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आपटतो आणि दोघांत भांडण लागतं. अशा वेळी पोरं शब्द बदलतात, तेव्हा मला फार बरं वाटतं.

या वर्षीची मुख्य बातमी आमरसाची. रस पातळ होता, असं एका पोराने सरळ लिहून आणलं. संयोजक म्हणाले, ‘सर, अंक पालकांच्या हातात जाणार, जरा सांभाळून.’ वृत्तसंपादकाच्या तोंडची वाक्यं इथेही सुटत नाहीत! बातमी काढायची नाही, पण दुसरी बाजू घ्यायची, असं ठरलं. दोघं वही घेऊन स्वयंपाकघरात गेले. मावशी पुऱ्या तळता तळताच म्हणाल्या, ‘मला सांगतात चाळीस माणसांचा रस काढा, जेवायला बसतात साठ. दूध नको वाढवू तर काय करू?’

मथळा तयारच झाला. तक्रारीची बातमी मोजदादीची झाली. संयोजकांनी ती दोनदा वाचली आणि एक कॉलम करता येईल का, एवढंच विचारलं. आम्ही दोन कॉलम केली.

समारोपाच्या दिवशी मावशींनी पाच प्रती मागून घेतल्या, गावी पाठवायला. पालकांपैकी कुणी रसाची बातमी वाचली असेल असं वाटत नाही. सगळे आपल्या मुलाचं नाव कुठे छापलंय ते शोधत होते, आणि ज्यांचं सापडलं नाही ते माझ्याकडे येत होते.