रस्ता सरकारचाच आहे, मग शेजारच्या जमिनीवरून भांडण कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. प्रश्न नेहमीचाच: ‘रस्त्याला तर कुणी हात लावत नाहीय. शेजारची जमीन दुसऱ्याची. त्यानं ती विकली काय, तिचा झोन बदलला काय, तुझं काय जातं?’ विचारणारेही घरचेच. कधी मुंबईचा मामेभाऊ, कधी वॉर्डातला पंच.

गोव्यातला पर्रा गावचा माडांचा रस्ता बहुतेकांनी फोटोत तरी पाहिलेला असतो. तिथं गर्दी एवढी वाढली की 2019 मध्ये पंचायतीनं फोटो आणि शूटिंगसाठी शुल्क लावलं. डांबर काय, सगळीकडे सारखंच असतं. तो रस्ता देखणा दिसतो तो दोन्ही बाजूंना मोकळी जमीन आहे म्हणून. ती सरकारच्या मालकीची नाही. तिचं काय करायचं हे ठरतं प्रादेशिक आराखड्याच्या नकाशावर (कुठली जमीन शेतीची, कुठली वस्तीची, हे झोन पाडून दाखवणारा राज्याचा नकाशा), आणि तो नकाशा बघायला फोटोवाल्यांतलं कुणी जात नाही.

झोन बदलला की रस्त्याचं काय होतं, ते आमच्या वाडीत बघा. शेत रस्त्यापेक्षा कमरेएवढं खाली. आधी ट्रक लाल मातीचा भराव टाकतात. मग डांबराच्या कडेला चिकटून चिऱ्यांची भिंत येते. गेटसाठी गटारावर स्लॅब पडतो आणि रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोरीचं तोंड अर्धं बुजतं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात शेतात पसरायचं पाणी रस्त्यावर तुंबतं. लोकच ओरडतात, रस्ता उंच करा. उंच करताना रुंद करू, असं कुणीतरी म्हणतं, कारण मोठ्या प्रकल्पाला रुंद रस्ता लागतोच. मग कडेच्या झाडांवर लाल रंगाचे आकडे पडतात, आणि त्या दिवशी गाव जागं होतं. तेव्हा झाडाला मिठी मारून फोटो काढता येतो, दुसरं फारसं काही करता येत नाही. (झाडांच्या कायद्यावर तरी किती विसंबायचं? 2016 मध्ये दुरुस्ती करून माडाला झाडांच्या व्याख्येतूनच काढलं होतं. नवं सरकार आलं तेव्हा 2017 मध्ये तो परत आत आला.)

म्हणून मी झाडापाशी नाही, राजपत्रापाशी बसते. 2024 साली गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात कलम 39अ आलं. एखाद्या सर्व्हे नंबरापुरता झोन बदलायचा अर्ज करता येतो. सूचना निघते, हरकतींना 30 दिवस मिळतात. त्याआधी झोन बदलायला वापरल्या जाणाऱ्या 17(2) कलमाचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं रद्द केली. 2011 सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा तर लोकांनी रस्त्यावर उतरून मागे घ्यायला लावला होता. पण तेव्हा अख्ख्या राज्याचा एक नकाशा समोर होता, लढायला सोपं होतं. आता एकेक तुकडा सुटा येतो. एका सर्व्हे नंबरासाठी मोर्चा कोण काढणार?

हरकत लिहिताना ‘निसर्गसौंदर्य नष्ट होईल’ असं लिहू नका. ते वाक्य साहेब वाचतात, मान डोलावतात आणि फायल पुढे सरकते. आराखड्यात त्या जमिनीचा आत्ताचा झोन काय, तिचा उतार 25 टक्क्यांच्या वर जातो का, ओहोळ कुठून वाहतो, खाली कुणाच्या विहिरी आहेत, रस्ता प्रत्यक्षात किती मीटर रुंद आहे, ते लिहा. टेप घेऊन मोजा. पावसाळ्यातले फोटो जोडा, आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबाराच म्हणा) कूळ लागलंय का ते बघा. कुळांच्या शेतजमिनीला 1991चा कायदा आडवा येतो, भातशेतीच्या विक्रीवर 2023च्या कायद्याचं बंधन आहे. म्हणजे शेताला थोडंफार कवच तरी आहे. उघडं पडलंय ते उतारावरचं भाट, म्हणजे बागायत. आंब्या-काजूची ती हिरवी पाठ गेली की खालचं शेत राहूनही रस्ता ओळखू येत नाही.

गावच्या माणसानं आपल्या जागेत घर बांधलं तर माझी काही हरकत नाही. माझं भांडण आहे ते वीस-वीस व्हिलांच्या वसाहतीशी. जाहिरातीत ‘हिरव्या शेतांचं दृश्य’ विकतात आणि पहिला भराव त्याच शेतात टाकतात.

एका प्रश्नाला मात्र माझ्याकडे सोपं उत्तर नाही. शेजारच्या वाडीतले एक काका म्हणाले, “बाय, तुला बघायला हिरवं हवं. भात लावायला माणूस मिळत नाही, मुलगा बोटीवर. रान वाढलंय, ते तू कापणार?” त्यांचं खोटं नाही. रस्त्याची शोभा आम्ही सगळे फुकट बघतो, पडीक जमिनीचा भुर्दंड एकट्या काकांना. कसायला दुसऱ्याला द्यावी तर कूळ लागेल ही धास्ती, म्हणून चांगली शेतं वर्षानुवर्षं पडीक. तिथं दलाल आकडा सांगून जातो, आणि मी सांगते उताराचे टक्के.

तेव्हा आता ग्रामसभेत हरकतीच्या ठरावासोबत दुसरा ठरावही मांडतोय: रस्त्यालगतची पडीक शेतं गटानं कसायची, मालकाशी मुदतीचा लेखी करार करून, कूळहक्काचा प्रश्न आधी वकिलाकडून तपासून घेऊन. काकांनी कराराचा मसुदा वाचायला नेलाय. सही अजून केलेली नाही.