केस मोकळे सोडून कानबाईला

आज खानदेशातल्या कानबाई देवीच्या विसर्जनाला केस मोकळे सोडून गेले. घट्ट कुरळे आहेत माझे. श्रावणातल्या दमट हवेत ते आणखी फुलतात, म्हणून लग्न असो की सणवार, तेल चोपडून करकचून वेणी ठरलेली. "झिपऱ्या बांध आधी" हे लहानपणापासून इतकं ऐकलंय की आरशात मला चेहऱ्याआधी केसच दिसायचे.

पार्लरमध्ये स्ट्रेटनिंग सुचवलं होतं. त्यात केसांतले बंध रसायनाने तोडून, केस सरळ ओढून पुन्हा जोडतात. पण वळण येतं ते त्वचेखाली केस जिथून उगवतो त्या मुळाच्या आकारातून, त्यामुळे नवा केस कुरळाच येणार! हे कळल्यावर केसांशी भांडणं सोडलं. टाळूचं तेल कुरळ्या केसांत टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून ते कोरडे पडतात आणि तसेच विंचरले की कापसासारखे पिंजतात. आता ओल्या केसांना कंडिशनर लावून बोटांनीच गुंता सोडवते, मग मोठ्या दातांचा कंगवा, टोकाकडून वर. जुन्या सुती ओढणीने टिपते. बास.

मिरवणुकीत शेजारच्या आजींनी माझी एक बट बोटावर गुंडाळून सोडली. ती टुणकन वर गेली. "कितला भारी शेतस वं तुना केस!" मी नुसतं "हो ना आजी" म्हणाले. किती खरं वाटलं ते म्हणताना!

भाचीचे केसही असेच आहेत. रविवारी तिचे मी धुऊन देणार आहे. वहिनीला सांगितलंय, तोवर कोरड्या केसांत फणी घालू नका.