नऊशे माणसांसाठी तीस कोटी डॉलरचा रस्ता?

कॅनडाच्या उत्तरेकडच्या यलोनाइफला राहतो म्हटलं की पहिला प्रश्न थंडीचा येतो आणि दुसरा हमखास रस्त्यांचा. नाशिकचे काका असोत की टोरांटोतले मराठी मित्र, सूर एकच: "चार टाळकी राहतात तिथे, त्यांच्यासाठी सरकार कोट्यवधी डॉलर का ओततं?" मी मालवाहतुकीत काम करतो, म्हणून याचं उत्तर मीच द्यायचं असं जणू ठरूनच गेलंय. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

हिशेब तुमचा बरोबर आहे. इनुविक ते टुक्टोयाक्टुक हा आर्क्टिक समुद्राला भिडणारा कॅनडातला पहिला बारमाही रस्ता, 15 नोव्हेंबर 2017 ला खुला झाला. लांबी सुमारे 138 किलोमीटर, खर्च 30 कोटी डॉलरच्या घरात, त्यातले 20 कोटी केंद्राचे. टुकची (पूर्ण नाव इथे कोणी घेत नाही) वस्ती जेमतेम नऊशे. माणशी तीन लाख डॉलरच्या वर! "त्यापेक्षा सगळ्यांना दक्षिणेत घरं बांधून द्या की," असं एकाने मला ऐकवलं होतं. इकडे कोणापुढे हे बोलू नका. 1950 च्या दशकात सरकारने काही इनुइट (आर्क्टिकमधले मूळनिवासी) कुटुंबांना उचलून दूर उत्तरेत नेऊन बसवलं होतं, आणि 2010 मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. ती जखम अजून ओली आहे.

खर्च एवढा का, हे रस्ता कसा बांधतात ते पाहिलं की कळतं. आपल्याकडे रस्ता म्हणजे आधी खोदकाम. इथे कुदळ लावायचीच नाही. खालची जमीन बारमाही गोठलेली. वरचा शेवाळ-गवताचा थर खरवडला की ऊन लागून ती वितळते, आणि रस्ता खचतो. म्हणून काम मुख्यतः भर हिवाळ्यात. न खोदलेल्या जमिनीवर आधी जाड कापड अंथरायचं, त्यावर गोठलेली खडी-माती ओतायची, आणि उन्हाळ्यात ती जरा सैल झाली की दाबून बसवायची. भराव जाड हवा, कारण तोच जमिनीची गोधडी. डांबराचं नाव नाही. एवढं करूनही तो कुठे ना कुठे खचतोच, आणि दरवर्षी खडी टाकावी लागते. फीत कापायला सगळे येतात. या खडीच्या पैशाबद्दल मात्र कोणी भाषण करत नाही.

पण रस्ता नसणंही फुकट नसतं, आणि काकांच्या हिशेबात हीच बाजू राहून जाते. नॉर्मन वेल्स हे मॅकेंझी नदीकाठचं गाव घ्या. हिवाळ्यात बर्फाचा कच्चा रस्ता, उन्हाळ्यात नदीतून बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू बोट. 2024 मध्ये नदीचं पाणी इतकं उतरलं की बार्जच्या फेऱ्या रद्द झाल्या. घर तापवायचं तेलसुद्धा विमानाने आणावं लागलं. ते बिल भरलं कोणी? थोडं लोकांनी, थोडं सरकारनेच. शिवाय वणवे. ऑगस्ट 2023 मध्ये अख्खं यलोनाइफ रिकामं करावं लागलं, तेव्हा वीस हजारांतले बहुतेक जण एकाच हायवेने बाहेर पडले. पुढच्याच जूनमध्ये फोर्ट गुड होप या गावावर तीच वेळ आली. तिथे उन्हाळ्यात रस्ताच नाही, लोक बोटींतून आणि विमानांतून निघाले.

आता मला खटकतं ते सांगतो. हे रस्ते माणसांच्या नावाने क्वचितच मंजूर होतात. 1958 ची तेव्हाचे पंतप्रधान डीफेनबेकर यांची योजनाच मुळी 'साधनसंपत्तीकडे जाणारे रस्ते' अशी होती. टुकच्या रस्त्यामागेही समुद्रातल्या तेल-वायूची आशा होती. डिसेंबर 2016 मध्ये ओटावाने (म्हणजे केंद्र सरकारने) आर्क्टिक समुद्रातल्या नव्या तेल परवान्यांवर बंदी घातली, म्हणजे रस्ता खुला व्हायच्या आधीच त्याचं मोठं गिऱ्हाईक गेलं. उरले टुकचे लोक, इनुविकच्या दवाखान्यात आणि दुकानात जाणारे, आणि समुद्रात पाय बुडवायला येणारे पर्यटक. माझ्या मते एवढं पुरेसं आहे, पण प्रस्तावात एवढंच लिहिलं असतं तर पैसे मिळाले नसते.

मॅकेंझी खोऱ्याच्या हायवेचं रडगाणं तर आणखी जुनं. 1972 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान पिएर ट्रुडो यांनी त्याची घोषणा केली. बारमाही रस्ता आजही रिग्ली गावाला संपतो. तिथून नॉर्मन वेल्सपर्यंतचे तीनशेहून जास्त किलोमीटर अजून बर्फाच्या भरवशावर आहेत, आणि तो बर्फही आता पूर्वीसारखा भरवशाचा राहिलेला नाही.

मग सगळेच रस्ते बांधावेत का? मला नाही वाटत. मला विचाराल तर आधी हा रिग्लीपुढचा तुकडा, आणि त्याच कागदावर दरवर्षीच्या खडीची तरतूद. खाणींकडे जाणाऱ्या रस्त्यांसाठी खाणवाल्यांनी आधी स्वतःच्या खिशात हात घालावा, मग सरकारकडे यावं.